ठरावापासून पोहऱ्यापर्यंत

(महात्मा जोतीराव फुले यांच्या स्मृतिदिनी, २८ नोव्हेंबरला, वाशीम येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचे मुद्रित रूप)



परवा संविधान दिन झाला. शाळेच्या परिपाठात, तहसील कचेरीत, पंचायत समितीत, पोलीस ठाण्यात उभं राहून सगळ्यांनी प्रास्ताविका वाचली. आज जोतीरावांचा स्मृतिदिन आहे. उद्या २९ नोव्हेंबर. १९४८ साली याच तारखेला संविधान सभेनं अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर केलं आणि सभागृहात महात्मा गांधींच्या नावाचा जयघोष झाला. या तीन दिवसांच्या मधोमध उभं राहून मला एकच गोष्ट तुमच्यापुढं ठेवायची आहे. जन्मावरून माणसाला कमी लेखू नये, हे सांगणारे शब्द आपल्याकडं भरपूर आहेत. ते उत्तम आहेत, कायद्यात आहेत, प्रत्येक जयंतीच्या फलकावर आहेत. आता त्या शब्दांचा हिशेब मागायची वेळ आली आहे. ते बोलल्यामुळं कुणाला पाणी मिळालं, कुणाच्या नावावर जमीन झाली, कोर्टात कुणाच्या बाजूनं कोण उभं राहिलं, एवढंच मी विचारणार आहे.

ज्यांच्या नावानं आपण जमलो आहोत, त्यांच्याच कामाचा क्रम पाहा. १८६८ साली जोतीरावांनी पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ‘गुलामगिरी’ हे पुस्तक आलं १८७३ साली. हौद आधी उघडला आणि पुस्तक त्यानंतर पाच वर्षांनी आलं. त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. अमेरिकेत निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी ज्यांनी झीज सोसली, त्या तिथल्या सदाचारी लोकांना जोतीरावांनी ते अर्पण केलं आणि आपले देशबांधवही त्यांचा कित्ता गिरवतील अशी आशा धरली. गंजपेठेतल्या एका माळ्याच्या मुलानं सातासमुद्रापलीकडच्या काळ्या माणसाच्या मुक्तीत आपल्या शूद्रातिशूद्रांचं भविष्य पाहिलं. मोठीच झेप होती ती. पण मला त्याहून मोठी वाटते ती १८६८ ची गोष्ट. त्या हौदासाठी त्यांना कुणाची परवानगी लागली नाही, कुठल्या ठरावाची वाट पाहावी लागली नाही. स्वतःच्या ताब्यात जे होतं ते त्यांनी आधी मोकळं केलं.

वंश आणि जात एकच का, असा प्रश्न इथं कुणी विचारील. एकच नाहीत. बाबासाहेबांनी १९३६ च्या, लाहोरला होऊ न शकलेल्या त्या भाषणात हे स्पष्ट मांडलं आहे की जातीची विभागणी ही वंशाची विभागणी नव्हे. तरीही त्यांनीच १९४६ साली अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, निग्रो लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी संघटना काढली तेव्हा ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून तिचं नाव दलित पँथर ठेवलं. २००१ साली डर्बनला झालेल्या जागतिक वंशभेदविरोधी परिषदेत जात हा वंशभेदाच्या चर्चेचा विषय नाही, असं आपल्या सरकारनं ठासून सांगितलं. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं वंशपरंपरेवरून होणाऱ्या भेदात जातीचाही समावेश होतो, असं म्हटलं. हा वाद विद्वानांनी जरूर चालवावा. ज्या बाईला विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परत यावं लागतं, तिच्या दृष्टीनं त्याचा निकाल केव्हाच लागलेला आहे.

आता मला तुम्हाला महाडला न्यायचं आहे. महाड सगळ्यांना माहीत आहे असं आपण समजतो. २० मार्च १९२७ चं चित्र, ओंजळ, तळ्याच्या पायऱ्या. पण त्या ओंजळीच्या आधीची आणि नंतरची वर्षं फार कमी लोक मोजतात. आजच्या विषयाचं सगळं सार त्या वर्षांमध्ये आहे, म्हणून मी तिथं थोडा थांबणार आहे.

४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला की सरकारी पैशातून बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. सप्टेंबरात सरकारनं आपल्या खात्यांना तसे आदेश काढले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं स्वतः ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागद पूर्ण झाला. तळ्यावर मात्र एकही अस्पृश्य गेला नाही, कारण गेला असता तर डोकं फुटलं असतं. १९२६ साली बोल्यांना पुन्हा उभं राहावं लागलं. जी संस्था अंमल करणार नाही तिचं अनुदान रोखा, असा दुसरा ठराव त्यांनी आणला. तोही मंजूर झाला. आणि इतक्या सगळ्या ठरावांनंतर मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, तेव्हा परिषदेला आलेल्या माणसांना प्यायला चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं शेजारी होतं. कागदावर खुलं होतं.

मग बाबासाहेबांसह परिषदेची माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर मंडपात जेवत असलेल्यांवर, घरी परतणाऱ्यांवर काठ्या पडल्या. १०८ घागरी गोमूत्र, शेण, दूध, दही ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात गावातल्या काही जणांनी दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दुसरी परिषद भरवायला कुणी हिंदू जागा देईना. एका मुसलमान गृहस्थाच्या जागेवर मंडप घालावा लागला. तो दावा खालच्या कोर्टातून वर चढत मुंबई उच्च न्यायालयात गेला. निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी, आंबेडकरांच्या बाजूनं. पहिल्या ठरावापासून तेरा वर्षं आणि सात महिने.

या हकिकतीतली एक बाब मला तुमच्या ध्यानात राहायला हवी आहे. दावा लावणाऱ्यांनी कोर्टात असं म्हटलं नाही की आम्ही भेद करतो. ते म्हणाले, तळं खासगी आहे, आमच्या मालकीचं आहे आणि प्राचीन काळापासून अशीच वहिवाट आहे. उच्च न्यायालयानं पुरावा मागितला, तेव्हा ती प्राचीन वहिवाट सिद्ध करता आली नाही. भेद करणारा माणूस क्वचितच भेदाची भाषा बोलतो. तो मालकीची भाषा बोलतो, रिवाजाची बोलतो, सोयीची बोलतो. म्हणून भेदाच्या विरुद्ध नुसतं बोललं की त्याला काही तोशीस लागत नाही. त्याचं तोंडही आपल्याच बाजूनं बोलत असतं.

ही कोकणातली गोष्ट झाली. आपलं वऱ्हाड मागं नव्हतं. त्याच १९२७ साली अमरावतीला अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रहाची तयारी झाली, नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. त्या कामात पंजाबराव देशमुख पुढं होते. मला पंजाबरावांचं मोठेपण त्यांनी त्यानंतर काय केलं त्यात दिसतं. अमरावती जिल्हा कौन्सिलचं अध्यक्षपद हाती आलं तेव्हा त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. सभेत टाळी घेऊन ते थांबले नाहीत. खुर्ची मिळाल्यावर तिचा अधिकार वापरला. मी स्वतः कुणबी शेतकऱ्याच्या घरात वाढलो, आणि माझ्या समाजाच्या घराघरांत भाऊसाहेबांचा, म्हणजे पंजाबरावांचा, फोटो असतो. त्या फोटोखाली बसणाऱ्या प्रत्येक सरपंचानं, प्रत्येक जिल्हा परिषद सदस्यानं, प्रत्येक सोसायटीच्या अध्यक्षानं स्वतःला विचारावं की आपल्या खुर्चीनं आजवर काय खुलं केलं.

स्वातंत्र्य आलं, १९५० ला संविधान आलं. पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी नावं घालून लिहिलं गेलं. १९५५ ला अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा झाला. आणि १९७२ च्या दुष्काळात बाबा आढाव ‘एक गाव, एक पाणवठा’ म्हणत महाराष्ट्र फिरू लागले, तेव्हा गावागावांत दलितांचा पाणवठा वेगळा किंवा मुळीच नाही, हे पुन्हा दिसलं. कायदा होऊन सतरा वर्षं झाली होती. हमालांचा एक पुढारी गावात जातो, विहिरीचे काठ पाहतो, कोण कुठं पाणी भरतं ते विचारतो आणि मग गावकऱ्यांना सोबत घेऊन विहिरीवर जातो. यात भाषण सगळ्यात शेवटी येतं. कार्यकर्त्यांनी आजही हाच क्रम धरावा असं मला वाटतं.

आता आपल्या घरात येऊ. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला रेल्वेनं पाणी गेलं तो उन्हाळा. आपल्याच मालेगाव तालुक्यात, कळंबेश्वर गावी, एका दलित शेतमजुराच्या पत्नीला मार्च महिन्यात विहिरीवर पाणी नाकारलं गेलं. तो माणूस मालेगावला गेला, टिकाव-पहार घेऊन आला आणि खोदायला लागला. दिवसाची आठ तासांची मजुरी, आणि तिच्या आगंमागं सहा तास खोदकाम. आसपासच्या तीन विहिरी आणि एक बोअर कोरडी गेलेली. विहीर खोदण्याचा त्याला काहीच अनुभव नव्हता. ज्या कामाला चार-पाच माणसं लागतात ते एकटा करतोय म्हणून शेजारीपाजारी हसले, घरच्यांनाही ते पटेना. चाळीस दिवसांनी, पंधरा फुटांवर पाणी लागलं. वस्तीतली सगळी घरं तिथं पाणी भरू लागली.

बातमी देशभर गेली. एकट्यानं डोंगर फोडणाऱ्या बिहारच्या दशरथ मांझींशी तुलना झाली. अधिकारी आले, पुढारी आले, कलावंतांचे फोन आले. त्याचं नाव तेव्हा सगळीकडं छापलं गेलं. मी ते इथं घेत नाही, कारण त्याला पुन्हा एकदा कौतुकाचा विषय करायची माझी इच्छा नाही. मला त्या कौतुकाबद्दलच बोलायचं आहे.

ज्या दिवसांत तो खोदत होता, त्या दिवसांत देशात काय चाललं होतं ते पाहा. बाबासाहेबांच्या सव्वाशेव्या जयंतीचं वर्ष सरकारी थाटात संपत होतं. ॲट्रॉसिटी कायद्याची नवी, कडक दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली होती. सामाईक पाणवठ्यावर अडवणं हा तिच्यात स्पष्ट शब्दांत गुन्हा होता. १३ एप्रिल २०१६ रोजी आपल्या विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, याचा आपण अभिमान बाळगला आणि तो बाळगण्याजोगाच होता. तो प्रत्यक्ष लागू व्हायला जुलै २०१७ उजाडलं. शब्द मुंबईत मंजूर होत होते आणि वाशीम जिल्ह्यात एक माणूस पाण्यासाठी मुरूम फोडत होता.

त्यानं विहीरमालकाचं नाव सांगितलं नाही. गावात रक्तपात नको, असं तो म्हणाला. ज्याचा अपमान झाला त्यानंच गावाच्या शांततेची काळजी वाहिली. मग आपण सगळे काय करत होतो? आपण त्याच्या मेहनतीचं कौतुक केलं. कौतुकाला काही खर्च येत नाही. ‘नाकारलं कुणी, आणि ज्यांनी पाहिलं ते गप्प का बसले’ हा प्रश्न विचारायला मात्र खर्च येतो, कारण तो विचारणाऱ्याला गावात राहायचं असतं, सोसायटीचं कर्ज घ्यायचं असतं, पोरीचं लग्न करायचं असतं. आपण स्वस्त ते घेतलं. अन्याय सोसणाऱ्याच्या जिद्दीचे पोवाडे गाणं हे अन्याय करणाऱ्याला सोडून देण्याचं सगळ्यात सभ्य रूप आहे, असं मी पूर्ण जबाबदारीनं म्हणतो.

तेव्हा काही जण म्हणाले, आजही म्हणतील, की विहीर खासगी असेल तर मालकाला कोण सांगणार. महाडचं मी मुद्दाम इतकं सविस्तर का सांगितलं ते आता लक्षात येईल. ज्या खासगी विहिरीवर अर्धं गाव पाणी भरतं, ती फक्त एका वस्तीपुरतीच खासगी का होते? कायद्याच्या बारकाव्यावर वकील बोलतील. पण शेजारच्या शेतकऱ्यानं ‘माझ्या विहिरीवर या’ म्हणायला कायदा लागत नाही. जोतीरावांना लागला नव्हता.

आता सरकारी कागद पाहू. २०१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला नव्या विहिरीसाठी सुरुवातीला अडीच लाख रुपये मिळू लागले. चांगली योजना आहे, तिच्यातून झालेल्या विहिरी आपल्या भागात उभ्या आहेत. पण तिला नावावर किमान ०.४० हेक्टर शेती लागते. ज्यानं चाळीस दिवस खोदलं तो मजूर होता. मजुराला जमीन कुठून येणार? त्यासाठी २००४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजना आहे. भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत. जमीन सरकारनं विकत घेऊन द्यायची. समृद्धी महामार्ग आल्यापासून आपल्याकडं एकराचे भाव कुठं गेले ते तुम्ही जाणता. सरकारी दरानं विकायला कोण तयार होतं आणि दलिताला शेजारी म्हणून धुऱ्यावर घ्यायला कोण तयार होतं, हे दोन्ही प्रश्न त्या योजनेच्या मुळाशी आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर कुठल्याही शासन निर्णयात मिळत नाही.

राहिली ई-क्लास जमीन, म्हणजे सरकारी गायरान. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तुरुंग भरून गेले. त्या लढ्यांच्या रेट्यामुळं पुढं १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचं धोरण आलं. पण पेरा एकाचा, पंचनाम्यात नोंद नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, दंडाची पावती घरातल्या पेटीत, अशी कुटुंबं तुम्हाला प्रत्येक तालुक्यात भेटतील. अमेरिकेतही हेच झालं. १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मननं मुक्त झालेल्या काळ्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंतचे तुकडे देण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं तो फिरवला आणि जमिनी जुन्या मळेवाल्यांना परत गेल्या. माणूस मोकळा झाला आणि त्याच मळ्यावर, त्याच मालकाकडं बटाईनं राबायला लागला. जोतीरावांनी ज्या मुक्तीचं कौतुक केलं तिची ही पुढची बाजू आहे.

२०२० च्या डिसेंबरात आपल्या सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. मी त्या निर्णयाचं स्वागत करतो. मुलाच्या दाखल्यावर, पत्रावर जातीची शिवी छापलेली असू नये. पण फलक बदलल्यानंतर तिथं नळयोजनेची पाइपलाइन पोचली का, पोचली तर ती लाइनीच्या अगदी शेवटी आहे का, आणि उन्हाळ्यात टाकी अर्धी भरते तेव्हा त्या शेवटच्या तोटीला किती दिवसांनी पाणी येतं, हे ग्रामसभेत विचारलं गेलं पाहिजे. विचारणारा त्याच वस्तीतला असेल तर त्याला भांडकुदळ म्हणतात. म्हणून तो प्रश्न गावठाणातल्या माणसानं उभं राहून विचारावा. आणि मी एक पाऊल पुढं जाऊन म्हणतो की गावात यापुढं जी सार्वजनिक विहीर किंवा टाकी होईल ती दलित वस्तीत व्हावी आणि गावानं तिथून पाणी घ्यावं.

जन्मावरून माणूस ठरवण्याचं सगळ्यात उघड रूप आपल्या जिल्ह्यानं अनुभवलेलं आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा म्हणजे सरळ वंशभेद होता; मूल जन्माला आलं की गुन्हेगार. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या. पण पारध्याच्या बेड्यावर पहाटे जीप येते तेव्हा १८७१ च चालू असतं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातल्या जातीवर आधारलेल्या कामवाटपाचे नियम घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजण्यावरही कडक ताशेरे ओढले. हा निकाल मराठीत छापून प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि प्रत्येक बेड्यावर गेला पाहिजे. बंजारा समाजाच्या पोहरादेवीच्या यात्रेत लाखांनी माणसं येतात. तिथं तो वाटला तर उत्तमच.

आता साक्षीबद्दल. २५ मे २०२० ला अमेरिकेत मिनियापोलिस शहरात पोलिसानं जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा दाबून त्यांचा जीव घेतला. त्यानंतर जगभर निवेदनं निघाली. कंपन्यांनी काढली, विद्यापीठांनी काढली, आपल्याकडच्या तारेतारकांनी काळे चौकोन टाकले. पोलीस सुधारणेचं विधेयक तिथल्या खालच्या सभागृहात दोनदा मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. मग एप्रिल २०२१ मध्ये तो पोलीस दोषी ठरला तो कशामुळं? सतरा वर्षांची एक मुलगी रस्त्याकडेला उभी राहिली, तिनं सगळं चित्रित केलं, आणि पुढं कोर्टात येऊन साक्ष दिली. जगभरच्या त्या निवेदनांपेक्षा त्या एका साक्षीचं वजन जास्त भरलं.

आपल्याकडं नगर जिल्ह्यात खर्ड्याला एप्रिल २०१४ मध्ये एका दलित शाळकरी मुलाला मारून झाडाला टांगलं गेलं. दिवसाउजेडी घडलेली गोष्ट. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले, शाळेतले साक्षीदारसुद्धा. त्या मुलाच्या मृत्यूनंतर राज्यभर निषेधाच्या सभा झाल्या होत्या. त्या सभांतल्या शब्दांचा खरा कस त्या साक्षीच्या पिंजऱ्यात लागायचा होता आणि तिथं कुणी नव्हतं. खैरलांजीत एका दलित कुटुंबातली चार माणसं मारली गेली, शिक्षा झाल्या, पण ॲट्रॉसिटीचं कलम टिकलं नाही. मी शिक्षकांना विशेष सांगतो, कारण मी त्यांच्यातला आहे. परिपाठात प्रास्ताविका म्हणून घेणारा शिक्षक कोर्टात ‘मी काही पाहिलं नाही’ म्हणतो तेव्हा त्या वर्गातली सगळी मुलं खरं संविधान शिकतात.

साक्षीदाराला भीती असते हे मी नाकारत नाही. म्हणूनच ॲट्रॉसिटी कायद्यात तरतूद आहे. २०१६ पासून लागू झालेल्या १५-अ कलमानं पीडित आणि साक्षीदाराला संरक्षणाचा हक्क दिला आहे. नियमांत त्याचा प्रवासखर्च आणि भत्ता आहे. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा, साठ दिवसांत पुरा करायचा. कर्तव्यात जाणूनबुजून हयगय करणाऱ्या सरकारी नोकराला चौथ्या कलमाखाली सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. पण साक्षीदाराला भाड्याच्या गाडीत एकट्याला पाठवू नका. त्याच्यासोबत गावातली दहा माणसं कोर्टाच्या व्हरांड्यात बसली तर समोरच्याची दमदाटी निम्म्यानं कमी होते. त्या दहांमध्ये वेगवेगळ्या जातींची माणसं असली पाहिजेत.

परदेशातल्या आपल्या मुलांबद्दल दोन शब्द. विदर्भातली पुष्कळ घरं आज अमेरिकेशी जोडलेली आहेत. १९६५ साली तिथला स्थलांतराचा कायदा बदलला म्हणून आपल्या माणसांना दार उघडलं, आणि तो बदल काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या वातावरणात झाला. त्या ऋणावर तिथं घरं बांधणाऱ्यांमध्ये जातीची चौकशी चालते, म्हणून तर फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराला जातिभेदावर बंदी घालावी लागली. कॅलिफोर्नियानं तसं विधेयक मंजूर केलं, ऑक्टोबरात गव्हर्नरनं ते रोखलं. सिॲटलमध्ये त्या ठरावाच्या बाजूनं उभी राहिलेली आणि विरोधात गेलेली, दोन्ही माणसं भारतीय होती. रात्री व्हिडिओ कॉलवर मुलाला विचारा, तू कुठल्या बाजूला होतास.

शेवटी एक काम, आणि ते आपल्याच जिल्ह्यातलं आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला सतरावा नियम म्हणतो की प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असेल आणि ती दर तीन महिन्यांतून किमान एकदा बसेल. किती गुन्हे नोंदले, किती तपास साठ दिवसांत झाले, किती पीडितांना अर्थसाहाय्य मिळालं, कोणत्या अधिकाऱ्यानं कुचराई केली, हे सगळं त्या बैठकीत पाहायचं असतं. बैठकीचं इतिवृत्त होतं. ते मागवता येतं. माहिती अधिकाराचा अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तर तीस दिवसांत.

आज आयोजकांशी बोलून आम्ही सहा अर्ज तयार केले आहेत. गेल्या तीन वर्षांतल्या बैठकांच्या तारखा आणि इतिवृत्तं हा एकाचा विषय. सहा तालुक्यांतल्या प्रलंबित खटल्यांची संख्या हा दुसऱ्याचा. सबळीकरण योजनेत दिलेली जमीन, ई-क्लासचे प्रलंबित प्रस्ताव, नळयोजनेत वस्त्यांना मिळालेल्या जोडण्या आणि साक्षीदारांना दिलेला भत्ता हे बाकीच्यांचे. प्रत्येक तालुक्यातून एक जण अर्जदार हवा, आणि त्यातले निदान तीन जण असे हवेत ज्यांच्या वस्तीवर हा अन्याय कधी झालेला नाही. अर्ज उद्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक शाखेत द्यायचे आहेत. उत्तरं डिसेंबरच्या अखेरीला येतील, न आल्यास पहिलं अपील. जानेवारीत मिळालेले कागद घेऊन आपण याच सभागृहात बसू, वाचू, आणि ज्या गावचा आकडा खटकेल त्या गावी जाऊ. मालेगाव आणि मानोऱ्याची नावं अजून यायची आहेत; सभा संपल्यावर मी दाराशी थांबतो.